पाण्यात मांडलेल्या खुर्च्या

अक्का,

तू गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका नवरदेवाला उघडी छत्री देऊन कोरड्या नाल्यात उभं केलं होतं. वर ड्रोन घोंघावत होता. नवरीच्या लांबलचक झग्याचं टोक तिचा मामा धरून बसला होता, आणि मी ओरडत होतो, "वर बघा, पाऊस पडतोय असं समजा!" फोन दाजींचा होता, पण बोलत होता कुणी शेजारी. तो एवढंच म्हणाला, "बापू, अक्का गयी."

मी विचारलं, "कुठे?"

खरंच विचारलं मी. कारण अलीकडे तू सारखी कुठे ना कुठे जात होतीस. आरसा काखेत मारून कपाशीच्या वावरात, नाहीतर पलंगाची एक बाजू धरायला कुणाला तरी हाका मारत. मला वाटलं, घरी न सांगता गेली असेल आणि दाजी शोधत असतील.

मग कळलं. आणि कळल्यावर पहिला विचार मनात आला तो रडण्याचा नव्हता. वाटलं, हे तू बघायला हवं होतंस. उन्हात छत्री घेतलेला नवरदेव, झगा धरलेला मामा, आणि मधोमध फोन कानाला लावून उभा राहिलेला तुझा धाकटा भाऊ. तू म्हणाली असतीस, "बापू, हाऊ येडा फोटू शे. काढी ले."

'येडे फोटू' हा शब्द तुझाच. माझा जळगावचा स्टुडिओ इतक्या वर्षांचा, पण असले फोटो मी कामापुरते बघायचो. लग्नाआधीच्या शूटिंगसाठी काही नवीन सापडतं का म्हणून कॉम्प्युटरवर जगभरच्या फोटोग्राफरांची पानं उघडून ठेवायची, चार कल्पना उचलायच्या, बाकीचं सोडून द्यायचं. तुझ्या दाढांचं काम निघालं, दवाखाना नेमका माझ्या स्टुडिओच्या वर, म्हणून तू माझ्याकडे राहायला आलीस. इंजेक्शननं अर्धं तोंड बधिर झालेलं, बोलता येत नाही, अशी तू गिऱ्हाइकांच्या सोफ्यावर गाल धरून बसलेली. माझं लक्ष अल्बममध्ये. एकदम तुझं बोट माझ्या खांद्यात टोचलं.

पडद्यावर कुठल्यातरी परदेशी माणसानं काढलेला फोटो होता. नजर पोचेल तिथपर्यंत पांढरं मिठाचं मैदान. त्यात एक आख्खी बैठकीची खोली मांडलेली. सोफा, टीव्ही, चपलांचं कपाट, दिवा. भिंती नाहीत, छप्पर नाही. आणि सोफ्यावर बनियन घातलेला एक म्हातारा टबात पाय सोडून टीव्ही बघत बसलाय. टीव्हीची वायर कुठेच गेलेली नाही, मिठावर नुसती पडलीय.

तू कितीतरी वेळ बघत राहिलीस. मी म्हटलं, "काही नाही ग, लोकांना उद्योग नसतात." तुला उत्तर देता येत नव्हतं. संध्याकाळी तोंड मोकळं झालं तेव्हा चहाचा कप खाली ठेवून तू पहिलं वाक्य बोललीस ते त्या म्हाताऱ्याबद्दल. "ह्या मानूसना घरमा कोनी शे का नही?"

मला हसू आलं. हसताना मी पडद्याकडे पाहिलं आणि हसू थांबलं. मी फोटोतला उजेड पाहिला होता, मांडणी पाहिली होती. तो माणूस एकटा आहे हे पाहिलंच नव्हतं.

मग रोजचंच झालं. वर दाढ कोरून आलीस की खाली येऊन बसायचीस आणि हातानंच खूण करायचीस, लाव. एका फोटोत म्हैस लिफ्टमध्ये उभी होती, तिच्याशेजारी टाय लावलेले दोन साहेब. साहेब तिला कुठे नेतायत याचीच तुला काळजी, "म्हैसले कोठे लई चालनात?" एका म्हाताऱ्यानं समुद्राच्या काठाला इस्त्री लावली होती. त्यावर तुझं म्हणणं, बायको मेली असेल, आता कपडे कुणाचे करणार. एक बाई होती, तिची वेणी खिडकीतून बाहेर गेलेली, घराला वळसा घालून परत दुसऱ्या खिडकीतून आत आलेली, आणि वेणीवर धुणं वाळत घातलेलं. तिथे मात्र तू स्वतःचा अंबाडा सोडून पुन्हा बांधलास.

आपलं भांडणही तिथंच सुरू झालं. मी म्हणायचो, फोटो म्हणजे समोर असेल ते. हे सगळं मांडलेलं, रचलेलं, खोटं. तू माझ्या टेबलावरचा लग्नाचा अल्बम ओढलास आणि नवरीवर बोट ठेवलंस. ती मुलगी आपल्या ओळखीतली होती, चांगली सावळी. मी तिला उजळ केली होती, गालावरचा कांजिण्यांचा व्रण पुसला होता, आणि मागे तिनं जन्मात न पाहिलेला बर्फाचा डोंगर लावला होता.

"तुना फोटू खोटा शे, बापू," तू म्हणालीस. "मीठमधला बुढा खरा शे."

मी म्हटलं, गिऱ्हाइकाला हेच पाहिजे असतं. तू म्हणालीस, असेल. भांडण तिथं संपलं नाही, कधीच संपलं नाही. तू गावी गेल्यावर आपण ते फोनवर चालू ठेवलं. लोक सकाळी उठून एकमेकांना गुलाबावर लिहिलेलं सुप्रभात पाठवतात. मी तुला डोक्याच्या जागी कोबीचा गड्डा असलेला माणूस पाठवायचो. तुला टाइप करायचा कंटाळा, म्हणून तू बोलून पाठवायचीस. ते सगळे तुझे आवाज माझ्या फोनमध्ये आहेत. तू गेल्यापासून मी त्यांतला एकच ऐकला. पुढे ऐकवेना. त्यात तू म्हणतेस, "बापू, हाई बाई दारमा उभी शे, का दार बाईमा उभं शे?" आणि मागे तुझा कोंबडा आरवतो.

तो कुठला फोटो होता ते मला आता आठवत नाही. शोधला, सापडला नाही. दारातली बाई डोळ्यांसमोर येते ती तूच.

धुळ्याच्या प्रदर्शनाला मी तुला नेलं, की तू मला नेलंस, यावर आपलं एकमत होणार नाही. कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये काही तरुण पोरापोरींनी आपली कामं मांडली होती. मला वाटलं होतं देखावे असतील, गणपतीची चित्रं असतील. आत गेलो तर दारातच एक लोखंडी पलंग, आणि त्यावर गादीच्या जागी माती भरून ज्वारी उगवलेली, चांगली वीतभर. उशीच्या जागी जरा दाट. पुढे भिंतीवर एक फोटो, शालू नेसलेली नवरी आणि तिच्या चेहऱ्याच्या जागी कूलरचा पंखा. छताला बांधलेली बैलगाडी, उलटी. लोक हसत होते, मोबाईलवर स्वतःचे फोटो काढत होते. एकजण मोठ्यानं म्हणाला, "आम्हाला घरी जागा नाही झोपायला आणि हे पलंगावर ज्वारी पेरतात."

तू त्या पलंगाच्या पायथ्याशी फरशीवरच बसलीस, मयताच्या घरी बसतात तशी.

ज्या मुलीचं ते काम होतं ती धावत आली. रेणुका नाव. तिला वाटलं तुला चक्कर आली. "काकू, पाणी देऊ?" तू तिचा हात धरून खाली बसवलंस आणि विचारलंस, "कोन गयं तुन्हं?"

ती गडबडली. आधी काहीतरी पाठ केल्यासारखं बोलली, माणूस आणि जमिनीचं नातं वगैरे. तू ऐकून घेतलंस आणि हात सोडला नाहीस. मग ती म्हणाली, "आजोबा. याच पलंगावर." आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तू तिच्या पाठीवरून हात फिरवत होतीस आणि आजूबाजूला लोक त्याचेही फोटो काढत होते. निघताना तू तिला विचारलंस, हे कुणालाही करता येतं का. ती म्हणाली, "येतं की काकू. कुणाला विचारायचं आहे?"

परतीच्या एसटीत तू खिडकीबाहेर बघत होतीस. नरडाणा गेल्यावर म्हणालीस, कुणाला विचारायचं नसतं हे मला आधी माहीत असतं तर बरं झालं असतं.

मग तू सुरू केलंस. कपाटाचा आरसा काढून कपाशीच्या तासांत रोवलास, आणि झाडांच्या मधोमध आभाळाचा एक चौकोनी तुकडा उभा राहिला. दाजींच्या चपला एकापुढे एक भिंतीवर चिकटवल्यास, जसं कुणी भिंत चढून छपराकडे गेलंय. दाजी सकाळी अनवाणी अंगणात उभे. "मनी चप्पल कोठे शे?" "भिंतवर." एवढाच संवाद. दाजी आत गेले. गावात कुजबुज झाली की अक्काचं डोकं फिरलं. मला फोन आले. मीही तुला म्हटलं, जरा बेतानं. तू म्हणालीस, इतकी वर्षं बेतानंच राहिले, आता काय बिघडतंय.

आणि मग उन्हाळा आला आणि तू मला जुन्या गावाला बोलावलंस.

जुनं गाव म्हणजे तुझं खरं सासर. तापीवर बंधारा झाला, पाणी मागे तुंबत तुंबत गावात शिरलं, आणि सगळ्यांना वर माळावर प्लॉट मिळाले. नव्या गावाला तुम्ही कधी गाव म्हटलं नाही, 'वर' म्हणायचात. वर पाणी आलंय का, वर लाइट आहे का. तुझ्या सासूबाईंना तिथं वर्षही काढवलं नाही, त्याआधीच वारल्या. त्या रोज उठून नव्या घराच्या आंधळ्या भिंतीपाशी जाऊन उभ्या राहायच्या, कारण जुन्या घरात त्या जागी स्वयंपाकघराचं मागचं दार होतं. तू त्यांना दंडाला धरून परत आणायचीस. हे मला तू त्या मिठाच्या मैदानाचा फोटो पुन्हा बघताना सांगितलं होतंस.

उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या गावाचे चौथरे गुडघाभर पाण्याखाली राहतात. वरून काही दिसत नाही, वाळलेली निंबाची दोनचार खोडं तेवढी उभी. तू अख्खी मधली गल्ली गोळा केलीस. ज्यांना चालवत होतं ते सगळे आले. प्रत्येकानं घरची खुर्ची आणायची, आणि पाण्यात उतरून आपलं दार शोधून तिथं बसायचं. एवढंच काम.

"आपलं घर पानीमा शे," तू त्यांना म्हणालीस, "मंग आपन पानीमा बसूत."

दाजी नाही आले. आदल्या दिवशी मी पोचलो तेव्हा ते बाजेवर पाठ करून बसले होते. "मरेल गावनी थट्टा नको करू," ते तुला म्हणाले. मला वाटलं तू चिडशील. तू फक्त म्हणालीस, "थट्टा कोन करी ऱ्हायनं?" आणि पीठ मळायला लागलीस. मला नंतर बाजूला घेऊन सांगितलंस की बंधाऱ्याच्या वेळी घर दाजींनी स्वतः उतरवलं होतं. माणसं लावली नाहीत. कौलं, वासे, दारं, चौकटी, सगळं आपल्या हातानं; दगडी उंबरठा तेवढा राहिला. त्यानंतर ते एकदाही त्या पाण्याकडे गेले नाहीत. तुमची जमीनही त्याच बाजूला, पण ते बांधावरून परत फिरतात.

उन्हं कलली तेव्हा तुम्ही उतरलात. मी काठावर, चौथऱ्याच्या उंचीएवढ्या दगडावर कॅमेरा लावला. तुम्ही सगळे पायानं चाचपत चालला होतात, चिखलात, एका हातात खुर्ची, दुसऱ्या हातात लुगड्याचा ओचा. कुणी हसतंय, कुणी घाबरतंय. आणि एकदम शेवंता मावशी ओरडली. शेवंता मावशी म्हणजे तुझ्या समोरच्या दारची. तिच्या पायाला तिच्या ओट्याची पायरी लागली होती. ती तिथंच उभी राहून पायानं ती पायरी पुन्हा पुन्हा दाबत राहिली. मग एकेकाला सापडत गेलं. तुला सर्वांत उशिरा. तू डोळे मिटून चालत होतीस. थांबलीस, वाकलीस, पाण्यात हात घातलास, आणि मला काठावर ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं म्हणालीस, "बापू, हाऊ मना उंबरठा."

खुर्च्या मांडून झाल्या. तांबूस पाणी, वर आभाळ, मध्ये लाल, निळ्या, पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या समोरासमोर दोन रांगा, आणि त्यांत माणसं, जशी त्या गल्लीत संध्याकाळी बसायची. मी ओरडलो, "इकडे बघा." कुणी बघितलं नाही. शेवंता मावशीनं समोर तुला विचारलं, "अक्का, व्हयना का सयपाक?" ती थट्टेनं म्हणाली की सवयीनं, मला सांगता येणार नाही. तू म्हणालीस, भाजी व्हायचीय. त्यावर तिसरीकडून कुणी म्हटलं, आमच्याकडे आज पाहुणे. आणि तुम्ही बोलायलाच लागलात. कॅमेरा विसरलात, पाणी विसरलात. जी घरं नव्हती त्यांच्या दारांतून एकमेकांशी बोलत होतात. ज्यांची नावं घेत होतात त्यांतली काही माणसं केव्हाच वारली होती. मी बटण दाबत राहिलो.

आयुष्यात मी किती फोटो काढले त्याला हिशेब नाही. तो सर्वांत चांगला. हे मी तुला कधी बोललो नाही. तू 'कसा शे?' विचारलंस तेव्हा 'बरा आलाय' म्हणालो. कामाची बोली तशीच असते, स्तुती जिभेवर येत नाही. आता लिहितोय.

जळगावला येऊन फोटो मोठ्या पडद्यावर उघडला तेव्हा तू शेजारी होतीस. तूच आधी पाहिलंस. तू आपल्या उंबरठ्यावर बसलेली, आणि तुझ्या मागे, जिथे स्वयंपाकघराचं मागचं दार असायला हवं, त्या वाळल्या निंबाच्या खोडाशी एक पांढरट आकृती. डोक्यावर पदर. उभी.

"सासूबाई उन्यात," तू म्हणालीस. अगदी साध्या आवाजात, पाहुणे आल्याचं सांगावं तसं.

मी मोठं करून बघितलं. जितकं मोठं करावं तितकं ते विरघळत गेलं, शेवटी नुसते करडे चौकोन उरले. लहान केलं की पुन्हा बाई. मी म्हटलं, मासे धरणारा कुणी असेल. तू म्हणालीस, जाळं कुठाय? मी म्हटलं, बगळा असेल, पाण्यावरची चमक असेल, भिंगावर धूळ असेल. तू ऐकून घेतलंस. मी म्हटलं, काहीही असो, डाग आहे, काढून टाकतो, दोन मिनिटांचं काम. तेव्हा तू माझ्यावर ओरडलीस. लहानपणी मी तुझ्या पाटीवर थुंकलो होतो त्यानंतर पहिल्यांदा.

"त्यासले हात लावाना नही!"

मी हात लावला नाही. पण वाद सोडला नाही. पुढे त्या पोरापोरींनी जळगावला भरवलेल्या प्रदर्शनात रेणुकानं तो फोटो लावला, खाली नाव काय लिहू विचारलं तर तू म्हणालीस, गल्लीचं लिही. गल्ली टेंपोत बसून बघायला आली. शेवंता मावशी स्वतःच्या फोटोला बोट लावून बघत राहिली, ओलं आहे का म्हणून. तिथेही मी तुला कोपऱ्यात घेऊन म्हटलं की लोक त्या डागाबद्दल विचारतायत. तू म्हणालीस, विचारू दे. घरी तू त्याची फ्रेम देवाशेजारी लावलीस आणि रोज संध्याकाळी त्या आकृतीपुढे उदबत्ती ओवाळायला लागलीस. मी आलो की बघायचो. तू सासूबाईंशी बोलायचीस, हळू, ओठांतल्या ओठांत. दाजी मागे बाजेवर बसलेले असायचे, तोंड दुसरीकडे करून. मला वाटायचं, त्यांना हे पसंत नाही.

फोनवरचं शेवटचं बोलणंही तेच. मी म्हटलं, अक्का, तो मासेवालाच आहे. तू म्हणालीस, "नही रे. आपलं मानूस शे ते. परकं मानूस असं उभं नही ऱ्हास." आणि येत्या उन्हाळ्यात पुन्हा खुर्च्या मांडायच्या, त्यांच्यासाठीही एक न्यायची, असं ठरवून टाकलंस. मी बरं म्हटलं. वाटलं, अजून खूप दिवस आहेत.

अक्का, आता जे सांगायचं आहे त्यासाठी हे सगळं लिहिलं.

तुझं तेरावं व्हायच्या आधी भिंतीवर लावायला फोटो हवा होता. सगळं घर शोधलं. तू स्वतः कॅमेऱ्यापुढे कधी आलीच नाहीस, आलीस तर आरशाआड, चादरीआड. आधारकार्डावरचा चेहरा बघवत नव्हता. मग दाजी म्हणाले, त्या पाण्यातल्या फोटोतली काढ. मी लॅपटॉप घेऊन त्यांच्याशेजारी बाजेवर बसलो. दुपार होती, बायका ओसरीवर होत्या, आत आम्ही दोघंच. मी तुझा चेहरा आणि खांदे तेवढे चौकटीत घेतले. तू कुणाकडे तरी बघून हसतेस, तोंड अर्धं उघडं, वाक्य चालू आहे. चांगला चेहरा होता. पण कसंही कापलं तरी तुझ्या खांद्यामागे तो डाग चौकटीत येत होता.

माझा हात आपोआप गेला. इतक्या वर्षांची सवय. पुसायला सुरुवात करणार तेवढ्यात दाजींनी मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे."

"डाग आहे दाजी. हार घालायच्या फोटोत बरा दिसत नाही."

"डाग नही शे," दाजी म्हणाले. "तो मी शे."

मला आधी समजलंच नाही. ते पडद्याकडे बघत नव्हते, बाहेर बघत होते. मग थोडं थोडं करून बोलले. त्या दिवशी आपण सगळे गेल्यावर त्यांना घरात राहवेना. शेताकडच्या वाटेनं ते मागून आले. ऊन होतं म्हणून डोक्यावरून पंचा घेतला होता, दोन्ही टोकं पुढे सोडलेली. निंबाच्या खोडापर्यंत आले आणि समोर त्यांना आपल्याच घराच्या उंबऱ्यावर तू बसलेली दिसलीस, पाठमोरी, शेवंता मावशीशी बोलत. पायाखाली पाणी होतं, पण ते म्हणाले, पाणी दिसलंच नाही. भाजी व्हायचीय म्हणालीस ते त्यांनी ऐकलं. तिथंच उभे राहिले. मग कुणाचं लक्ष जायच्या आत परत गेले.

मी विचारलं, "जवळ का नाही आलात? येऊन बसायचं होतं."

"ते घर मीच उतारं ना, बापू. आते तठे कोनतं तोंड लई बसू?"

"आणि अक्काला सांगितलं का नाही? ती रोज..." मला ती उदबत्ती दिसत होती, तू हात जोडलेली, आणि मागे बाजेवर तोंड फिरवून बसलेले दाजी.

दाजींनी पंच्यानं तोंड पुसलं. "ती इतली खूश व्हती. सासू उनी म्हनीसन. मंग मी कसं सांगू, का सासू नही, मी व्हतू?"

अक्का, सासूबाई नव्हत्या त्या. मासेवालाही नव्हता. दाजी आले होते. तू म्हणत होतीस ना, आपलं माणूस आहे, परकं माणूस असं उभं राहत नाही. तुझंच खरं निघालं, पण निम्मंच, आणि उरलेलं निम्मं तुला सांगायला तू नाहीस. आले होते ग ते. तुझ्या पाठीमागे, हाकेच्या अंतरावर, स्वयंपाकघराच्या मागच्या दारात उभे होते. तू वळून बघितलं असतंस तर दिसले असते.

मी दाजींना सांगितलं की मेलेल्या माणसाच्या फोटोत जिवंत माणूस ठेवू नये, वर हार पडणार, कुंकू लागणार, चांगलं नाही दिसत. कापायला जागा नसेल तर मी मागे साधं आभाळ लावून देतो. ते म्हणाले, "कोनले दिसस?" आणि उठून ओसरीवर गेले. मी काही पुसलं नाही. तुझा चेहरा उजळही केला नाही. जसा होता तसा मोठा करून आणला.

काल तेरावं झालं. फोटो बैठकीत लावलाय, झेंडूचा जाड हार घातलाय. माणसं येऊन पाया पडून जात होती. तुझी एक लांबची नणंद चष्मा पुसून जवळ गेली आणि म्हणाली, "मांगे हाई काय धवळं दिसस? डाग पडना का फोटूवर?"

मी दाजींकडे बघितलं.

"व्हय," दाजी म्हणाले. "डाग शे."

ती पुढे सरकली. दाजी उठले, फोटोजवळ गेले, आणि खांद्यावर ओघळलेला हार दोन बोटांनी बाजूला सारून तो डाग मोकळा केला.